जळीत वॉर्डात काय चालतं

(वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान)



एप्रिलच्या संध्याकाळी गच्चीवर वाऱ्याला बसायचं सोडून तुम्ही भाजलेल्या माणसांबद्दल ऐकायला आलात, याचं मला खरंच नवल वाटतंय. संयोजकांना मी म्हटलं होतं, 'आहार आणि आरोग्य' ठेवा, लोक तरी येतील. त्यांनी ऐकलं नाही. आता तुम्हाला ऐकावं लागणार.

जळीत वॉर्डाच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सिस्टर, किती टक्के?" भाजलेल्या अंगाचे हे टक्के काढतात नवाच्या पाढ्याने. डोकं आणि मान मिळून 9, एकेक हात 9, छाती-पोट 18, पाठ 18, एकेक पाय 18 आणि उरलेला 1 जांघेतल्या भागाचा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून त्याचं गणित वेगळं. जखमा विखुरलेल्या असतील तर रुग्णाचाच तळहात, बोटांसकट, साधारण 1 टक्का धरायचा. आकडा कानावर पडला की कुणीतरी म्हणतंच, "चाळीस ना? म्हणजे साठ टक्के चांगला आहे." ही वजाबाकी जळितात चालत नाही.

नातेवाईक टक्के विचारतात, तेव्हा नर्स विचारते, "किती वाजता भाजलं?" कारण असं आहे. मोठ्या जळितात रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी आजूबाजूला उतरतं, अंग सुजतं आणि रक्ताभिसरणाला मात्र पाणी पुरत नाही. त्यासाठी अमेरिकेत डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलात चार्ल्स बॅक्स्टर यांनी 1960च्या दशकात एक सूत्र बसवलं. ते आजही आमच्याकडे भिंतीवर लावलेलं असतं: वजनाच्या दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला 4 मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे एका प्रकारचं सलाईन. 50 किलोची बाई 40 टक्के भाजली, तर पहिल्या 24 तासांत 8 लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत, आणि हे तास मोजायचे भाजल्यापासून, दाखल झाल्यापासून नव्हे. गाडी मिळेपर्यंत 4 तास गेले असतील तर ते 4 लिटर उरलेल्या 4 तासांत द्यायचे.

पुढचं सगळं लघवीवर. मोठ्या माणसाला ताशी दर किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. कमी झाली तर सलाईन वाढवायचं. फार होऊ लागली तर कमी करायचं, कारण जास्तीचं पाणी फुप्फुसात भरतं. विजेच्या धक्क्याने भाजलेल्याची लघवी काळपट लाल दिसली तर ताबडतोब डॉक्टरांना उठवायचं, कारण तेव्हा स्नायू विरघळून मूत्रपिंडांत अडकत असतात. रात्री तीन वाजता लघवीच्या पिशवीवरची रेघ वाचून कागदावर आकडा लिहिणं, हे जळीत परिचर्येतलं सगळ्यात कंटाळवाणं काम. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही तेच.

पहिला दिवस फसवा असतो. खोल भाजलं की कातडीतल्या संवेदनेच्या नसाही जळतात, त्यामुळे तिथे दुखत नाही. बाई शुद्धीवर असते, मुलांची चौकशी करते, चहा मागते. चार दिवसांनी ती गेली की घरचे म्हणतात, "बोलत होती हो चांगली, इथं आणल्यावर बिघडलं." त्यांचा राग मला कधी खोटा वाटला नाही. पण पहिल्याच दिवशी त्यांना बाजूला घेऊन नीट समजावायला वॉर्डात कुणाला वेळ नसतो, आणि मग भांडणं होतात.

चेहरा भाजलेल्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते: "उद्या तुमचे डोळे सुजून मिटतील. दृष्टी गेलेली नाही. दोन-चार दिवसांत उघडतील." हे एवढं सांगायचं राहिलं, तर माणूस रात्रभर आपण आंधळे झालो म्हणून तळमळतो. नाकातले केस जळालेत का, आवाज घोगरा झालाय का, थुंकीत काजळी आहे का, तेही तेव्हाच बघायचं. बंद खोलीत धूर आत गेला असेल तर घसा सुजून श्वास अडतो, आणि नळी घालायला वेळ हातात असतो तो थोडाच.

आता ड्रेसिंग. वेदनेचं औषध ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास द्यायचं, किंकाळी ऐकू आल्यावर नव्हे. खोली गरम हवी, पंखा बंद. कातडी नसलेल्या माणसाला मे महिन्यातही हुडहुडी भरते. वरच्या पट्ट्या कात्रीने कापून निघतात. खालचं गॉज चिकटलेलं असतं. त्यावर सलाईन ओतायचं आणि थांबायचं. हे थांबणं शिकायला नव्या मुलींना फार वेळ लागतो, कारण बाहेर अजून नऊ ड्रेसिंग्ज वाट बघत असतात. दोन्ही हात भाजलेल्या एका मुलीला कुणी गॉजला हात लावला की ती दातखीळ बसल्यासारखी ताठ व्हायची. तिची बोटं थोडी वळायला लागल्यावर आम्ही चिमटा तिच्याच हातात दिला. "तू काढ. थांबायचं असलं की थांब." पहिल्या दिवशी दोन बोटांना तिने पाऊण तास लावला. पण ओरडली नाही. नंतर ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला शिकवू लागली, सलाईन कसं ओतायचं ते.

प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, नाहीतर दोन उघड्या जखमा एकमेकींना चिकटून बोटं जुळतात. मान भाजली असेल तर उशी काढून घ्यायची आणि खांद्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवायची. काखेत भाजलं असेल तर हात अंगापासून लांब, पसरून. गुडघा, कोपर सरळ. इथे आमचं नातेवाइकांशी रोज वाजतं. आई बिचारी मायेने उशी आणून देते, "किती अवघडली हो पोर." पण भाजलेल्याला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत व्रण आखडतो. हनुवटी छातीला चिकटलेली माणसं मी पाहिली आहेत. जीव वाचलेला, जखम भरलेली, आणि मान वर होत नाही. असं झालं तर कातडी लावण्याचं ऑपरेशन यशस्वी झालं म्हणायला मी तयार नाही. डॉक्टरांचं काम तासांचं असतं, मान सरळ ठेवण्याचं काम महिन्यांचं. ते नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि घरचे यांचं. व्रणावर दाब देणारे घट्ट कपडेही वर्षभर, आंघोळ सोडून दिवसरात्र घालावे लागतात.

खाण्याबद्दल दोन शब्द. जखम चिघळेल म्हणून पेज आणि मुगाचं पाणी देत बसू नका. मोठ्या जळितात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे, जे पोटात जाईल ते द्या.

आणि प्रथमोपचार. वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. स्वच्छ कापडाने झाका आणि निघा.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. विवाहित बाई भाजून येते तेव्हा सासरची माणसं खाटेभोवती असतात आणि ती म्हणते, "स्टोव्हचा भडका उडाला." कधी ते खरं असतं. कधी मध्यरात्री खाटेशी कुणी नसताना ती नर्सला वेगळं सांगते. आम्ही तपास करायचा नाही, सल्लाही द्यायचा नाही. तिचे शब्द जसेच्या तसे, वेळेसकट लिहायचे, डॉक्टरांना कळवायचं, आणि दंडाधिकारी जबाब घेतील तेव्हा नातेवाईक बाहेर असतील एवढं बघायचं. मृत्युपूर्व जबाबाला कोर्टात मोल असतं.

आता ज्यासाठी मुद्दाम आले ते. आपल्या मुंबईत डॉक्टरांनी या जखमांवर काय काय करून पाहिलं! वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी 1980च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं. शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. पान जखमेला चिकटत नाही आणि परवडतं. पण मोठ्या, खोल जळिताला खरी साथ देते ती माणसाची कातडी. रुग्णाची स्वतःची पुरत नाही, तेव्हा दात्याची काही आठवडे जखम झाकते, पाण्याची गळती आणि जंतुसंसर्ग थोपवते. तेवढ्या काळात रुग्णाला उसंत मिळते. देशातली पहिली त्वचापेढी 2000 साली शीव रुग्णालयातच सुरू झाली.

त्वचेचं दान मृत्यूनंतर 6 तासांच्या आत करायचं असतं. रक्तगट जुळवावा लागत नाही. पेढीचं पथक घरीही येतं. मांड्या, पाय आणि पाठ इथला फक्त वरचा पातळ थर घेतात, तासाभराच्या आत काम संपतं, रक्तस्राव होत नाही, आणि पट्ट्या बांधून देह परत देतात. अंत्यसंस्कार अडत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा 5 वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदानाचा अर्ज तुमच्यापैकी अनेकांनी भरला असेल. त्वचेचाही भरा. आणि नुसता भरून कपाटात ठेवू नका. फोन करायचा आहे तुमच्या मुलाने किंवा सुनेने, तोही रडारडीच्या वेळी. म्हणून जवळच्या पेढीचा नंबर आज घरी गेल्यावर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्या.