शिवराईपासून कलदारापर्यंत

महाराष्ट्रातील नाणेसंग्राहकांची बोली सराफकट्टा, टाकसाळ आणि सरकारी दफ्तर या तिन्ही ठिकाणांहून समृद्ध होत आली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. परंतु ठसा बहुधा चकतीहून मोठा असे व घाव हाताने घातला जाई, त्यामुळे काही अक्षरे कडेबाहेर निसटत, आणि म्हणूनच ज्या शिवराईवर सारा लेख अखंड उमटला आहे, तिचे मोल जाणता संग्राहक सर्वाधिक मानतो. मागील अंगावरील अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेषा असल्या, की तीच ‘दुदांडी’ शिवराई होते. हे नाव मला विशेष प्रिय आहे, कारण ते नाणे न पाहताच त्याचे रूप डोळ्यांपुढे उभे करते.

रुपयांची नावेही अशीच बोलकी आहेत. फारसी लेख व मोगल बादशहाचे नाव धारण करणारा, परंतु अंकुशाचे चिन्ह मिरवणारा तो ‘अंकुशी’. चांदवडच्या टाकसाळीतला तो ‘चांदवडी’. अशा भिन्न चलनांच्या अदलाबदलीत सराफ जी कसर कापून घेई, ती ‘बट्टा’. पुढे यंत्रावर पाडलेला, एकसारख्या कडांचा कंपनी सरकारचा रुपया आला, त्यास लोकांनी ‘कलदार’ म्हटले. 1835 च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखांत एकच रुपया ठरला.