वर्गातील म्युझिक प्लेअर : जोडणी, चार्जिंग व विलग करणे
(केंद्रसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक साधनांची निगा या विषयावर मी आपणांपुढे चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. नकाशे, पृथ्वीचा गोल, मापे यांची निगा कशी राखावी हे आपणांस मी सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून आज मी तळहातावर मावेल एवढे एकच साधन निवडले आहे. ते म्हणजे आपल्या शाळांतून परिपाठाच्या वेळी, कवितेच्या तासाला आणि कवायतीच्या मैदानावर वापरला जाणारा लहानसा म्युझिक प्लेअर. साधन लहान आहे, म्हणून त्याच्या वापरात विचार करण्याजोगे काही नाही, असे पुष्कळांस वाटते. मलाही तसेच वाटत असे. ते का चुकीचे आहे, हे सांगण्यासाठी प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक कबूल करतो.

२०१६ सालची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो, त्या वाडीत एक वृद्ध आजी राहत असत. जात्यावरच्या ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या. पाचवीच्या मुलांनी त्यांना शाळेत आणले, कोणाच्या तरी घरचे जाते ओसरीवर मांडले, आणि ध्वनिमुद्रणाची सोय असलेल्या आमच्या प्लेअरमध्ये दोन दुपारी बसून त्यांच्या ओव्या मुद्रित केल्या. तिसऱ्या दिवशी मी तो प्लेअर कार्यालयातील संगणकास जोडला आणि त्या फायली संगणकात हलविण्याची आज्ञा दिली. ध्यानात घ्यावे, मी त्यांची प्रत केली नाही; मूळ जागेवरून त्या उचलून दुसरीकडे ठेवू लागलो. काम अर्धे झाले असेल, तोच मधल्या सुट्टीची घंटा झाली. मैदानावर प्लेअर हवा होता. मी वायर ओढली आणि निघालो. सायंकाळी पाहतो तो प्लेअर उघडेना, आणि संगणकात आलेल्या फायलींची नावे तेवढी दिसत; आवाज नाही. पावसाळा सरल्यावर आजींना पुन्हा बोलावू, असे आम्ही ठरविले. श्रावणात त्या वारल्या. “गुरुजी, आजींची गाणी आपण कधी ऐकायची?” असे मुले मला पुढे कित्येक दिवस विचारीत होती. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

हेमा रायरकर व गी पॉइत्व्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्या कार्याचे मोल मला त्या दिवशी कळले. एवढा ठेवा सांभाळावयाचा तर किती दक्षता लागत असेल! आणि मी एक घंटा झाली म्हणून हाती आलेले घालवून बसलो.

आता जोडणी, चार्जिंग आणि विलग करणे या तीन क्रियांचा क्रमाने विचार करू.

पूर्वीच्या पिढीतील चावीच्या ग्रामोफोनला विजेची गरज नव्हती. ट्रान्झिस्टरमध्ये कोरडे सेल घालीत. ते संपले की टाकून देत. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला, तोही सेलवरच चाले. १९९१ साली त्याच कंपनीने पुन्हा पुन्हा भरता येणारी लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली, आणि तेव्हापासून खिशातील यंत्रांचे स्वरूप पालटले. या बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हातातील प्लेअरमध्ये बहुधा हीच बॅटरी असते. थोड्या जागेत पुष्कळ शक्ती साठविणे हा तिचा गुण. आणि हाताळणी चुकली तर ती शक्ती एकाएकी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, हा तिचा धोका.

भिंतीवरील बोर्डात २३० व्होल्टची वीज असते, आणि प्लेअरला हवी असते अवघी ५ व्होल्टची. आपल्या आगरात डोणीतून वेगाने पडणारे पाणी पाटाने वळवून पोफळीच्या आळ्यात संथपणे सोडतात. तसेच काम चार्जर करतो. पाट फुटला तर आळे वाहून जाते. म्हणून हलका, विनाचिन्हाचा चार्जर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह व त्याखालील क्रमांक पाहूनच तो घ्यावा. चार्जरचे कवच तडकले असेल, वायरीचे वेष्टन सोलले असेल किंवा बोर्डाचे छिद्र सैल होऊन आत ठिणगी दिसत असेल, तर ते साधन त्याच दिवशी वापरातून काढावे. चिकटपट्टी गुंडाळून दिवस ढकलणे ही काटकसर नव्हे.

जोडण्याचा क्रम असा असावा : हात कोरडे करावेत, बोर्डाचे बटण बंद आहे हे पाहावे, चार्जर बोर्डात घट्ट बसवावा, मग वायरीची पिन प्लेअरमध्ये सरळ घालावी, आणि शेवटी बटण चालू करावे. पिन जात नसेल तर ती उलटी आहे किंवा छिद्रात कचरा आहे असे समजावे. जोर करू नये, आणि टाचणीने कोरूही नये. मोठ्या स्पीकरला जोडताना आधी दोन्हींचा आवाज अगदी कमी करावा, स्पीकर बंद ठेवून पिन बसवावी, आणि मग तो चालू करून आवाज हळूहळू वाढवावा. असे न केल्यास जो स्फोटासारखा आवाज होतो, त्याने स्पीकरचा पडदा फाटतो आणि पुढे बसलेल्या बालकांच्या कानांनाही इजा होऊ शकते. कानात घालावयाच्या यंत्रांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास अशी मर्यादा सुचविली आहे. आवाज वाढेल तसा हा काळ झपाट्याने घटतो.

आता चार्जिंग. संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी छिद्रातून ५०० मिलिॲम्पिअर एवढाच प्रवाह मिळतो. प्लेअरची बॅटरी १००० मिलिॲम्पिअर-तासांची असेल, तर ती भरण्यास हिशेबाने दोन तास व प्रत्यक्षात त्याहून काहीसा अधिक वेळ लागेल. वरच्या वर्गातील मुलांस हे उदाहरण भागाकारासाठी अवश्य द्यावे. बॅटरी पूर्ण भरली की तिचा दाब ४.२ व्होल्ट होतो आणि प्लेअरमधील यंत्रणा प्रवाह थांबविते. परंतु ही यंत्रणा बिघडू शकते. म्हणून शाळा बंद करून घरी जाताना, किंवा रात्रभर, कोणतेही यंत्र चार्जिंगला लावून ठेवू नये. माणूस जवळ असतानाच चार्जिंग करावे, हा नियम शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. यंत्र कापडावर, कागदांच्या गठ्ठ्यावर किंवा कौलांतून ऊन पडते अशा जागी न ठेवता लाकडी वा फरशीच्या उघड्या पृष्ठावर ठेवावे. ४५ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेत ही बॅटरी भरणे तिला बाधते.

बॅटरी दर वेळी पार रिकामी होऊ द्यावी, हा जुन्या सेलांच्या काळातील समज येथे लागू नाही. उलट, ती एक पंचमांशावर आली की भरावयास लावावी. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र कपाटात ठेवावयाचे असेल, तर ते निम्मे भरून, बंद करून ठेवावे. अगदी रिकामे ठेवल्यास सुट्टीनंतर ते पुन्हा जागे होईलच अशी खात्री नाही.

बॅटरी फुगली, यंत्राचे झाकण वर आले किंवा गोडसर, औषधासारखा वास येऊ लागला, तर चार्जिंग तत्काळ बंद करावे. ती दाबू नये, टोचू नये, उघडू नये. मुलांपासून दूर, जळाऊ वस्तू नसलेल्या जागी ठेवून द्यावी. कचऱ्यात किंवा पालापाचोळ्याच्या आगीत ती कदापि टाकू नये. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ती सोपवावी. धूर निघू लागला तर मुख्य बटण बंद करावे, मुलांस मोकळ्या जागी न्यावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. यंत्र वाचविण्यासाठी कोणी आत जाऊ नये. यंत्र पुन्हा मिळते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यास याखेरीज काही विशेष दक्षता हवी. येथे पावसाळ्यात भिंतीही घाम सोडतात, आणि किनाऱ्यावरील गावांत खारी हवा धातूवर हिरवट गंज चढविते. म्हणून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. छिद्रात ओल दिसली तर चार्जर लावू नये. यंत्र बंद करून हवेशीर जागी पूर्ण सुकू द्यावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. तिने तांदळाची भुकटी मात्र आत शिरते. वैशाखाच्या अखेरीस आणि नवरात्राच्या सुमारास विजा कडाडतात. आकाश भरून आले की गडगडाट जवळ येण्यापूर्वीच सर्व प्लग काढून ठेवावेत. वीज चमकत असताना प्लगला हात लावू नये. गेलेली वीज परत येते, तेव्हा दाब काही काळ अस्थिर असतो. पाच-दहा मिनिटे थांबून मगच यंत्र जोडावे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड व दापोली तालुक्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा वेळी भरून ठेवलेले व आकाशवाणी ऐकण्याची सोय असलेले लहान यंत्र हे करमणुकीचे साधन राहत नाही. ते गावाचा कान होते. तसेच २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुराने दाखवून दिले की, पाण्यात बुडालेले यंत्र वरून सुकले तरी आतून सुकलेले नसते. पुराचे पाणी लागलेला चार्जर किंवा बॅटरी पुन्हा वापरू नये.

शेवटी विलग करण्याविषयी. चार्जिंग संपले की प्रथम बोर्डाचे बटण बंद करावे. मग पिन व प्लग त्यांच्या अंगास धरून काढावेत, वायरीस धरून ओढू नयेत. संगणकापासून विलग करताना मात्र आणखी एक पायरी आहे, आणि माझी चूक तेथेच झाली. आपण आज्ञा दिल्याबरोबर संगणक सर्व मजकूर प्लेअरमध्ये लिहून टाकतोच असे नाही. पुष्कळदा तो काही भाग स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतो व सवडीने लिहितो. शिवाय कोणती फाईल कोठे आहे याची एक अनुक्रमणिका प्लेअरमध्ये असते. ती लिहिली जात असताना वायर ओढली, तर पुस्तकाची पाने शाबूत राहूनही अनुक्रमणिका फाटते, आणि सारेच हरवल्यासारखे होते. यास्तव संगणकाच्या पडद्यावरील ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ ही आज्ञा द्यावी, यंत्र काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबावे, आणि मगच पिन काढावी. २०१८ च्या अखेरीपासूनच्या विंडोज प्रणालीत मजकूर चटकन लिहून टाकण्याची व्यवस्था मुळातच केलेली असते. तथापि लेखन चालू असताना वायर ओढण्याची मुभा तिनेही दिलेली नाही. आणि मोलाची फाईल हलवू नये, तिची प्रत करावी. ती प्रत उघडून, ऐकून, दुसऱ्या एका ठिकाणीही ठेवून, मगच मूळ पुसण्याचा विचार करावा.

बंधुभगिनींनो, हे सारे मुलांपासून लपवून यंत्र कपाटात कुलूपबंद ठेवणे हा उपाय नव्हे. घरोघरी मोबाईल आहेत. आपली मुले ओल्या हातांनी, अर्धवट सोललेल्या वायरींनी ते रोज जोडीत असतात. लहान मुलांस बोर्डाला हात लावू देऊ नये, हे खरेच. परंतु चौथी-पाचवीच्या मुलांपुढे आपण दररोज हाच क्रम, तोंडाने मोठ्याने म्हणत, हाताने करून दाखविला, तर तो त्यांच्या अंगवळणी पडेल आणि त्यांच्या घरी जाईल. ज्या घरात आई रात्री उशाशी मोबाईल चार्जिंगला लावून झोपते, तेथे आपला शब्द पोहोचविणारे दुसरे कोण आहे?

आणखी एक विनंती. आपल्या प्रत्येकाच्या गावात अजून कोणी ना कोणी ओव्या म्हणणारी आजी आहे, नमन-खेळ्यांचे बोल जाणणारे आजोबा आहेत. या वर्षी त्यांचा आवाज मुलांकडून मुद्रित करून घ्यावा. त्याच दिवशी त्याच्या दोन प्रती कराव्यात, आणि घंटा झाली तरी संगणकाचा संदेश येईपर्यंत थांबावे. मैदानावरची मुले दोन मिनिटे वाट पाहतील.