नुसती भाषा येऊन भागत नाही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या खोलीत रविवारी दुपारी मुली संगणक घेऊन बसतात, त्या काय करतात आणि त्यासाठी मंडळाने वीज का जाळावी, असे काही भगिनींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मी सातवी शिकलेली. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. पण खोलीची किल्ली माझ्याकडे असते आणि मुलींच्या शेजारी मी वाती वळीत बसते. तिथे जे पाहिले नि ऐकले तेवढेच सांगते.

पायथन ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा आहे. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे आणली. नावावरून अजगर आठवतो, पण ते नाव एका विलायती विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. ही भाषा फुकट मिळते, शिकायला सोपी आहे, म्हणून कॉलेजात शिकवतात. माझ्या पुतणीलाही ती शिकवली आणि तिने चांगले गुण मिळवले.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिच्या हातात मोठे चालू काम दिले आणि सांगितले, "हे तुझ्या संगणकावर उभे कर." दोन दिवस ते उभे राहीना. रात्री फोनवर रडली. म्हणाली, "काकू, भाषा मला येते हो, पण यांचा संसारच मांडता येत नाही." तिसऱ्या दिवशी तिथल्याच एका वयस्क बाई तिच्या शेजारी तासभर बसल्या आणि गाठ सुटली. नाहीतर पोर सामान बांधून घरी आली असती आणि आपण म्हटले असते, खेड्यातल्या मुलीला हे झेपत नाही. कमतरता पोरीत नव्हती. तिला भाषा शिकवली होती, अवजारे शिकवली नव्हती.

ही अवजारे कसली? पुतणी दिवाळीला आली तेव्हा तिने इथल्या मुलींना सांगितली, ती मला समजली तशी सांगते.

पहिले, कामाची वेगळी जागा. पायथनसाठी लोकांनी तयार करून ठेवलेल्या वस्तू पाच लाखांहून जास्त आहेत. एका कामाला एखादी वस्तू जुनी लागते, दुसऱ्याला तीच नवी लागते. दोन्ही एकत्र केल्या की दोन्ही कामे बिघडतात. आपण लिंबाच्या लोणच्याचा चमचा कैरीच्या बरणीत घालत नाही, तसेच हे. प्रत्येक कामाची बरणी वेगळी. ही सोय २०१२ सालापासून पायथनच्या अंगचीच आहे, तिला व्हेन्व्ह म्हणतात.

दुसरे, यादी. लग्नाचा आचारी नुसते "डाळ" लिहीत नाही, कोणती आणि किती ते लिहितो. तशी कोणती वस्तू, कितव्या आवृत्तीची, हे कागदोपत्री पक्के असले म्हणजे पुण्यात चालणारे काम उमरग्यातही तसेच चालते. यूव्ही नावाचे अवजार २०२४ साली आले. ते वेगळी जागाही करते, यादीही लिहिते, आणि लागलेच तर पायथनसुद्धा आणून बसवते.

तिसरे रफ. आपण ज्वारी निवडतो तसे ते प्रोग्राममधले खडे दाखवते आणि ओळी नीट लावून देते. पण निवडलेल्या ज्वारीची भाकरी चांगली होईलच असे नाही. त्यासाठी चौथे, पायटेस्ट. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो. इथे मात्र एक शीत पुरत नाही, पातेल्यात तळापासून वरपर्यंत चमचा घालावा लागतो. आता यंत्रच प्रोग्राम लिहून देऊ लागले आहे, तेव्हा ही परीक्षा तर अधिकच हवी.

पाचवे गिट, म्हणजे कामाची वही. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते २००५ साली केले. कोणी, केव्हा, काय बदलले ते त्यात राहते आणि बिघडले तर मागे जाता येते. बचत गटाची वही ठेवणाऱ्या भगिनींना याचे मोल सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, हे सारे फोनवर पाहून शिकता येते. येते, खरे आहे. मुंबईच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा मोठा उपक्रम उभा केला. छोटे छोटे धडे, पडद्यावर इंग्रजी आणि आवाज आपापल्या भाषेत, मराठीतही. थोडे पाहावे, थांबावे, तेच आपल्या हाताने करावे, अशी त्यांची रीत. आम्हीही तीच रीत धरली आहे.

पण अवजारे फार लवकर बदलतात. पायथनची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून सांभाळणे बंद झाले, तरी तिचे धडे अजून दिसतात. आमच्या एका मुलीने जुन्या धड्याप्रमाणे आज्ञा दिली, तर संगणकाने साफ नकार दिला. डेबियन आणि उबुंटू या प्रणाल्यांनी २०२३ पासून तशी वस्तू थेट बसवायला मनाई केली आहे, आधी वेगळी जागा कर म्हणतात. मुलीला वाटले, आपणच मठ्ठ. शेजारी जाणते माणूस होते म्हणून दोन मिनिटांत उलगडले. एकटी असती तर तिने संगणक मिटून ठेवला असता.

म्हणून शिकवणाऱ्यांना आम्ही पाच गोष्टी सांगतो. मुलीच्या हातातून संगणक ओढून घेऊ नका, बोटे तिचीच चालू द्या. लाल अक्षरांत चूक उमटली की ती मोठ्याने वाचायला लावा आणि तिचा अर्थ मराठीत सांगा. शब्द इंग्रजीच राहू द्या, कारण कचेरीत तेच लागतात. एका रविवारी एकच अवजार दाखवा. आणि कोणताही धडा उघडण्याआधी तो कोणत्या सालचा आहे ते पाहायला शिकवा.

पुण्यात पायथनवाल्यांच्या बैठका होतात. त्यांची 'पायकॉन इंडिया' परिषदही २०११ साली तिथे भरली होती. पण पुणे आपल्यापासून तीनशे किलोमीटरांहून जास्त लांब. मुलगा मित्राच्या खोलीवर राहून शिकेल, मुलीला पाठवताना घरचे दहा वेळा विचार करतात. जिला दिवेलागणीच्या आत घरी यायचे आहे तिच्यासाठी ही आपली खोलीच पुणे आहे.

भगिनींनो, माझे मागणे थोडे आहे. खोली रविवारी उघडी राहू द्या. आणि आपलीच जी मुले-मुली पुण्यात, हैदराबादेत या कामावर आहेत, ती नवरात्रात तुळजापूरला दर्शनाला येतात, दिवाळीला घरी येतात. त्यांना पुरणपोळी वाढा आणि मग हक्काने सांगा, "बाळ, दोन तास खोलीत जाऊन बस." पैसा नको, तेवढी विद्या द्या म्हणावे.