विमानतळावरून बीकेसीला
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)

पुढच्या महिन्यात आपल्यातल्या तिघी नागपूरहून विमानाने मुंबईला चालल्यात. बैठक आहे वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. नाबार्डचं मुख्य कार्यालय तिथंच आहे. १९९२ मध्ये बचत गट बँकेशी जोडायचा कार्यक्रम सुरू केला तीच नाबार्ड. तर तिथं आपण आपल्या पायांनी जायचं, कुणी भाऊ-दीर न्यायला येईल म्हणून ताटकळत बसायचं नाही.

आधी तिकीट नीट वाचा. आता दोन विमानतळ झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, आणि तिथून बीकेसी लांब पडतं. आपलं तिकीट जुन्या, मुंबईच्या विमानतळाचं आहे ना, ते बघा. त्यातही टर्मिनल एक की दोन, तेही बघून ठेवा.

बाहेर आलं की "कुठं जायचं ताई?" म्हणत माणसं भेटतात. मागं आपल्या दोघी गेल्या होत्या, तर एकानं बॅगच उचलली आणि चालायला लागला. गाडीत बसल्यावर सांगितले दोन हजार! रस्ता आठ-नऊ किलोमीटरचा. पैसे दिले, पावती नाही. आता सांगा, संघाच्या वहीत ते लिहायचे कसे? गटातल्या बाईनं पोटाला चिमटा काढून टाकलेली बचत आहे ती. म्हणून बॅग कुणाच्या हाती द्यायची नाही. मेट्रोची पाटी बघत चालायचं.

मेट्रो तीन जमिनीखालून जाते. दोन्ही टर्मिनलला तिचं स्थानक आहे. कफ परेडकडे जाणारी गाडी धरायची. टर्मिनल दोनला बसलात तर सहार रोड, टर्मिनल एक, सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी आणि पाचवं बीकेसी. टर्मिनल एकवरून तिसरं. स्थानकांची नावं मराठीतही पुकारतात. भाडं १० रुपयांपासून सुरू होतं आणि तिकीट हातात मिळतं. ते टाकू नका, हिशेबाला लागेल. बॅग यंत्रातून तपासतात, त्यात घाबरायचं काही नाही. सरकत्या जिन्यावर निऱ्या जरा वर धरा, नाहीतर सरळ लिफ्टने जा. मी तर लिफ्टनेच जाते!

खाली फोनची रेंज लागेलच असं नाही. म्हणून पत्ता कागदावर लिहून पिशवीत ठेवा: सी-२४, जी ब्लॉक. बीकेसीत "मोठ्या काचेच्या इमारतीत जायचंय" म्हणून भागत नाही, सगळ्याच काचेच्या! ब्लॉकचं अक्षर सांगितलं की रिक्षावाला बरोबर नेतो. स्थानकाला बाहेर पडायच्या वाटाही बऱ्याच आहेत. वर यायच्या आधीच तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा.

विमान रात्री उशिरा उतरलं तर मेट्रो नसते. मग विमानतळाच्या आतल्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. मीटरने गेलात तर बसतानाच मीटर पाडायला लावा. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ आहे, हे माहीत असलं की बोलताना आवाज चढा राहतो. संध्याकाळी रस्ता तुंबतो, तेव्हा वेळ हातात ठेवून निघा.

लोणच्याचा नमुना नेणार असाल तर तो हातातल्या बॅगेत नको, काउंटरवर देतात त्या सामानात घाला. जाणाऱ्या तिघींनी सभा संपल्यावर थांबा, स्थानकांची नावं एकदा तोंडपाठ करून घेऊ.