फाळक्याच्या घडीतली माती

पिकअप गाडीला गंज चढतो तो बहुधा घडीतून. फाळक्याची खालची दुमड, हौद्याचे चार कोपरे, केबिन आणि हौदा यांच्यामधली फट, दाराचा तळ, मडगार्डची आतली कड, या सगळ्या जागी फडके पोचत नाही आणि चिखल मात्र पहिल्याच पावसात जाऊन बसतो. बोनट आरशासारखे चमकत असलेल्या गाडीचा फाळका खालून चाळणी झालेला असतो, तो यामुळेच.

बीड जिल्ह्यात हे दुखणे वाढते ते काळ्या मातीमुळे. ही माती पाणी प्यायली की फुगते, आणि वरून खपली धरली तरी आत ओल राखून असते. गेवराई-माजलगावच्या रानातून निघालेली गाडी डांबरी सडकेला लागली की वरचा चिखल झडतो. घडीतला तसाच राहतो. त्यात मालाची भर पडते. जिनिंगला कापूस नेताना सुटलेले तंतू केबिनमागच्या फटीत अडकून ओल धरून बसतात. तेच सायलेन्सरच्या नळीवर वाळले तर पेटूही शकतात. पोटॅशची गोणी उसवली तर कोपऱ्यात सांडते ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचे भाऊबंद. आठवडी बाजाराला नेलेल्या शेळ्यांचे मूतही त्याच कोपऱ्यात उतरते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैल ओढ्यावर नेला, पाठीवर दोन बादल्या ओतल्या आणि परत आणला, असे कोणी करत नाही. खुरांच्या बेचक्यात बोट घातले जाते, गळ्याची पोळी उचलून खालून चोळली जाते, शेपटीखाली हात जातो. हळद-तूप लागते ते जू घासते त्या खांद्याला. शिंगांचा हिंगूळ सगळ्यात शेवटी. गाडीचा खांदा म्हणजे फाळका. दिवसातून दहा वेळा तो आपटतो आणि त्याच्या कडेचा रंग उडतो. गाडीवाले मात्र आधी शिंगे रंगवतात, खांद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. शिवाय बैल अंग झाडून चिखल उडवतो. गाडीला तीही सोय नाही.

धुण्याची सुरुवात खालून करावी. कमानपाटे, चासी आणि मडगार्ड आधी भिजवून दहा मिनिटे सोडावेत. वाळून दगड झालेली काळी माती खरवडली तर रंगही निघतो. मग फाळका पूर्ण उघडून घडीतून पाणी सोडावे. घडीला आणि दारांच्या तळाला पाणी निघायला छिद्रे असतात. ती बुजलेली असली तर धुणे उलट अंगाशी येते, कारण आत गेलेले पाणी आतच राहते. छत्रीची जुनी काडी त्या छिद्रात फिरवली की आधी काळा गोळा सुटतो आणि मागून गढूळ पाण्याची धार लागते. धार स्वच्छ होईपर्यंत काडी थांबवू नये. केबिनमागच्या फटीत वेळूच्या काठीला गुंडाळलेले फडके चालते. वायपरखालच्या जाळीतला लिंबाचा पाला हातानेच काढावा लागतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप रेडिएटरच्या पात्यांवर, वायरिंगच्या जोडांवर आणि ग्रीसच्या निप्पलवर जवळून मारू देऊ नये. धुतल्यावर ग्रीसिंग करून घ्यावे. कपड्यांची पावडर वापरू नये, ती आधीचे मेणही धुऊन नेते. टँकरच्या दिवसांत बादली आणि मग पुरेसा आहे, फक्त पाण्याचा पहिला मान छताला न देता घडीला द्यावा.

धुण्यानंतर मेणाची पाळी. ते कोरड्या आणि थंड पत्र्यावरच धरते. बीडच्या उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून हे काम सकाळी सावलीत करावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग आधी पुसून घ्यावेत. छताच्या मध्यापर्यंत हौद्यात उभे राहून हात पोचतो. बिजागऱ्यांभोवती घट्ट मेण भरले तर ते पांढरे होऊन अडकून बसते. तिथे फवाऱ्याचे पातळ मेण आणि जुना टूथब्रश बरा. रबर, काळे प्लॅस्टिक आणि पुढची काच यांना मेण लावू नये. हौद्याच्या तळाला लावणेही वाया जाते, पहिल्याच गोणीने ते खरवडून निघते. तिथे गंजरोधक लेप हवा.

चासीवर जळके ऑइल फवारण्याची चाल हा वेगळाच विषय आहे आणि त्याला इथे जागा अपुरी आहे. एवढेच सांगायचे की ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज खराब करते, धूळ धरते, आणि कडब्याच्या गंजीजवळ उभ्या गाडीतून त्याचे थेंब चाऱ्यावर पडतात.

पुन्हा एकदा फाळक्याकडे. मेण लावण्याआधी त्याची खालची कड बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला तर आत माती आहे. मेणाची डबी मिटून ठेवावी आणि छत्रीची काडी पुन्हा हातात घ्यावी.