हाताला घाम येतो, त्यात लाजायचं काय?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या विषयावर क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी ते इथे देत आहोत.)



आज बचत, कर्जफेड, सीएलएफचा हिशोब यातलं काही मी बोलणार नाही. आज मी घामावर बोलणार आहे. मागच्या ओळीत आत्ताच कुणीतरी हसलं. हसा, हरकत नाही. मलाही हा विषय घेताना हसू आलं होतं, आणि थोडी लाजही वाटली होती.

तुमच्यातल्या कितीजणींच्या लक्षात आलंय माहीत नाही, पण मी रजिस्टरवर लिहिते तेव्हा हाताखाली कायम एक रुमाल असतो. सुरुवातीला एका गटात मी प्रोसिडिंग लिहून दिलं, तर खालच्या चार ओळी फिसकटल्या. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मॅडम, पाणी सांडलं का?" मी "हो" म्हणाले. पाणी सांडलं नव्हतं. माझ्या तळहाताचा घाम होता तो.

सातवी-आठवीपासून मला हा त्रास आहे. परीक्षेत पेपर भिजायचा. फुगडी खेळताना हात निसटायचे, म्हणून मैत्रिणी मला घ्यायच्या नाहीत. मुलाखतीत हात पुढे करायची वेळ आली की मी नमस्कार करायचे. सगळ्यांना वाटायचं, किती संस्कारी मुलगी! मी सोशल वर्क शिकले, दुसऱ्यांना "मोकळेपणाने बोला" सांगायला शिकले, आणि स्वतःच्या हाताबद्दल मात्र कुणाशी बोलले नाही.

मग आज का बोलतेय? कारण दोन महिन्यांपूर्वी आपल्या एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी केली. कारण लिहिलं होतं, "मुलीचे ऑपरेशन". बैठकीत कुणी जास्त विचारलं नाही. नंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरीच्या हातापायाला लई घाम येतो. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणारेत. चहाचा कप देताना हात ओला दिसला तर काय म्हणतील? छातीतनं एक शीर कापली की घाम जन्माचा बंद होतो म्हणं. खरं का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण तोच प्रश्न मी स्वतःसाठी एकदा डॉक्टरांना विचारला होता. तेव्हा जे समजलं आणि नंतर जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते. मी डॉक्टर नाही. कुणी काय घ्यावं हे मी सांगणार नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर काय विचारायचं, एवढं तुम्हाला कळलं तरी पुरे.

आधी घाम समजून घेऊ

घाम येणं वाईट नाही. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. मे महिन्याच्या उन्हात घाम सुकतो आणि अंग थंड राहतं. घाम आला नाही तर उष्माघात होईल.

पण काहीजणींना गरज नसताना घाम येतो. पंख्याखाली बसलं तरी तळहात ओले, चप्पल पायातून सटकते, काखेत ब्लाऊज भिजतो. यात ग्रंथी बिघडलेल्या नसतात. त्यांना हुकूम देणाऱ्या नसा जरा जास्तच हुकूम देतात. हा त्रास बहुतेक वेळा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच असतो, घरात आणखी कुणाला तरी असतो, आणि झोपेत थांबतो. शेवटची खूण नीट लक्षात ठेवा. चिंता वाटली की घाम वाढतो, आणि घाम दिसला की चिंता वाढते. म्हणून "घाबरट आहे" म्हणून पोरीला बोलू नका. तो स्वभावाचा दोष नाही, अस्वच्छपणाचा तर नाहीच. आणि हा त्रास हाताला हात लावून दुसऱ्याला लागत नाही.

कोणत्या घामाला लगेच डॉक्टर हवा

आता हा भाग घरी जाऊन सासूबाईंनाही सांगा.

रात्री झोपेत अंथरूण भिजेल इतका घाम, सोबत ताप, वजन उतरणं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

घाम, छातीत धडधड, हात थरथरणं, खाऊनही वजन कमी होणं असेल तर थायरॉईड तपासायचं.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला एकदम दरदरून घाम सुटला, हातपाय कापायला लागले, तर साखर खाली गेलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्या आणि दवाखाना गाठा.

छातीत दुखतंय, जीव घाबरतोय आणि थंड घाम आलाय, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देत बसू नका.

पाळी जायच्या वयात एकदम अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घाम येतो. तो आजार नाही, पण त्रास जास्त असेल तर त्यालाही उपाय आहेत. गप्प सोसायची गरज नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या पायऱ्या

यातलं काही नसेल आणि फक्त हात, पाय, काखा यांचाच घाम असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोग विभागात जायचं. तिथे उपचार पायरीपायरीने करतात.

पहिली पायरी म्हणजे लावायचं औषध. त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड असतं. आपली तुरटीही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार, पण हे औषध जास्त जोरदार असतं. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या कातडीवर लावायचं आणि सकाळी धुवायचं. ओल्या हाताला लावलं तर आग होते. पुष्कळजणी इथेच चुकतात आणि "औषध सोसलं नाही" म्हणून सोडून देतात. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं.

दुसरी पायरी आहे पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याची. ट्रेमधल्या पाण्यात हात किंवा पाय वीस-तीस मिनिटं ठेवतात. सुरुवातीला आठवड्यातून काही वेळा, मग कमी करत जातात. गरोदर बाईला आणि हृदयात पेसमेकर असलेल्याला हा उपचार देत नाहीत. आणि ताईंनो, हात जोडून सांगते, मोबाईलवर व्हिडिओ बघून हे घरच्या विजेवर कुणीही करायचं नाही. जीव जाईल.

तिसरी पायरी गोळ्यांची. त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. तोंड कोरडं पडतं, संडासला कडक होते, कधी नजर धूसर होते. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. आपल्यासाठी मोठी गोष्ट ही की उन्हात कापूस वेचणाऱ्या, विटभट्टीवर जाणाऱ्या बाईचा घामच बंद झाला तर अंग तापतं. त्यामुळे "मी उन्हात काम करते" हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगायचं.

चौथी पायरी बोटॉक्सची इंजेक्शनं. काखेत चांगली लागू पडतात, तळहाताला टोचताना फार दुखतात. गुण साधारण चार ते सहा महिने राहतो, मग पुन्हा घ्यावी लागतात आणि ती महाग आहेत. तळहाताला घेतल्यावर काही दिवस पकड ढिली पडू शकते. धार काढणारीने, खुरपं धरणारीने हे आधी विचारात घ्यायचं.

आणि आता ऑपरेशन

छातीच्या आत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना नसांची एक साखळी असते. हाताला घामाचा हुकूम तिच्यातून जातो. पूर्ण भूल देऊन, काखेजवळ लहान छेद घेऊन, दुर्बिणीने ही साखळी एका ठरावीक बरगडीजवळ कापतात किंवा तिथे क्लिप लावतात. हे दोन्ही बाजूंना करतात. साखळी कापण्याची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे, दुर्बिणीमुळे आता छेद छोटा झाला.

खरं बोलायचं तर तळहाताच्या घामावर याचा गुण फार चांगला येतो. पुष्कळांचे हात ऑपरेशन टेबलावरच कोरडे होतात. म्हणून "जन्माचा बंद" ही बातमी गावोगाव पोचते.

पण बातमीचा दुसरा अर्धा भाग पोचत नाही. हाताचा घाम थांबला की बऱ्याच जणांना पाठ, पोट, मांड्या इथे तो वाढतो. काहींना थोडाच वाढतो, काहींना इतका की दिवसातून कपडे बदलावे लागतात. कुणाला किती वाढेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. आणि एकदा कापलेली नस पुन्हा जोडता येत नाही. क्लिप काढली तरी पहिल्यासारखं होईलच याची हमी नाही. क्वचित पापणी खाली उतरते, फुप्फुसाभोवती हवा साठते, छातीत दुखत राहतं. पायांच्या घामासाठी या ऑपरेशनचा भरवसा धरता येत नाही, काखेत हातापेक्षा गुण कमी. फक्त काखेचाच त्रास असेल तर तिथल्या ग्रंथी काढून टाकायची वेगळी, छोटी शस्त्रक्रिया असते.

अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनांच्या संघटनेने २०११ साली तज्ज्ञांचं मत छापलं. त्यात हेच आहे की रुग्ण नीट निवडा, झोपेत घाम येणाऱ्याला आणि नाडी मुळातच मंद असणाऱ्याला घाईने टेबलावर घेऊ नका, आणि घाम दुसरीकडे वाढेल हे आधी स्पष्ट सांगा.

माझी कॉलेजची एक मैत्रीण आहे, तिने हे ऑपरेशन करून घेतलं. ती म्हणते, "हात बघून मला अजूनही आनंद होतो. पण उन्हाळ्यात पाठीवरून पाणी वाहतं. मी एसीत बसून काम करते म्हणून निभतं." तिला पश्चात्ताप नाही. पण ती एसीत बसते. मी चाळीस-बेचाळीस डिग्रीत तुमच्या वाड्या-वस्त्यांवर स्कूटीवर फिरते. मी माझ्यासाठी "सध्या नको" ठरवलं. लावायचं औषध वापरते, रुमाल ठेवते. तुमचं काम, तुमचं ऊन, तुमचा त्रास वेगळा असेल, तर तुमचा निर्णयही वेगळा असू शकतो.

त्या मुलीचं काय झालं?

कर्जाचा अर्ज गटाने नामंजूर केला नाही, पुढे ढकलला. आम्ही तिघी त्वचारोग विभागात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आत्तापर्यंत काय उपचार केले?" उत्तर होतं, काहीच नाही. तिला औषध लिहून दिलं. बाहेर आल्यावर मी पोरीला विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला पाहुण्यांचं काही नाही. मला टेलरिंगचं काम करायचंय, कापडाला डाग पडतात." तिची आई बघतच राहिली. इतके दिवस आपण तिला विचारलंच नव्हतं.

आता तिचे हात पूर्ण कोरडे नाहीत, पण कापडाला डाग पडत नाहीत. पाहुणे येऊन गेले. चहा तिने ट्रेमधून दिला. पुढचं अजून ठरायचंय, ते त्यांच्या घरचं. ऑपरेशनचा विचारही त्यांनी सोडलेला नाही, पण आता त्या सगळे प्रश्न विचारून ठरवतील.

तुम्ही काय करायचं

कुणी घामाच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं तर गटाने तिला हसायचं नाही, आणि डोळे झाकून पैसेही द्यायचे नाहीत. आधीचे उपचार झाले का, घाम दुसरीकडे वाढेल हे डॉक्टरांनी सांगितलं का, तिला स्वतःला हे हवंय का, एवढं विचारा. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे ॲडमिट होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या.

रोजचं म्हणाल तर सुती कपडे घाला, पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या आणि नायटा होतो. नायट्यावर दुकानातून कुठलंही मलम आणून लावू नका. बँक मित्राकडे किंवा रेशनला अंगठा उमटत नसेल तर बोट आधी कोरडं पुसून पुन्हा ठेवा, आणि तरीही नाही उमटलं तर ओटीपी किंवा डोळ्याची ओळख चालते का विचारा. "तुमचा अंगठाच खराब" असं ऐकून परत येऊ नका.

आणि पुढच्या वेळी तुमच्या रजिस्टरवर एखादी ओळ फिसकटलेली दिसली, तर ती मीच. पाणी सांडलं नव्हतं.