मूल कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘धर्मसहिष्णुता’ हा शब्द ऐकायला जड वाटतो. पण युरोपातील पंडितांनी त्याचा जो खल केला, त्यात एक प्रश्न अगदी आपल्या घरातला आहे. मूल कोणत्या धर्मात वाढावे, हे ठरवायचे कोणी?

तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस काही उदार म्हणून प्रसिद्ध नाही. चर्चच्या शिकवणीविरुद्ध हट्टाने जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला देहान्त शिक्षा द्यावी, असेच त्याचे मत. परंतु ज्यूंच्या मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यायला त्याने साफ नकार दिला. जन्मापूर्वी मूल आईच्या उदरात असते. जन्मल्यावर समज येईपर्यंत आईबापांची पाखर हे त्याचे दुसरे उदरच. त्यातून त्याला ओढून काढणे निसर्गन्यायाविरुद्ध आहे, असे तो म्हणतो. संसार न केलेल्या माणसाला हे सुचावे, याचे मला नवल वाटते!

पण एक फट राहिली. बाप्तिस्मा देऊ नये हे खरे, पण कोणी देऊन टाकलाच तर? तर ते मूल ख्रिस्ती म्हणूनच वाढले पाहिजे, असा चर्चचा कायदा होता. १८५८ साली इटलीतील बोलोन्या शहरात पोपचे राज्य होते. तेथील मोर्तारा या ज्यू कुटुंबातून सहा वर्षांच्या एदगार्दोला शिपायांनी उचलून नेले. तान्हेपणी तो आजारी असताना मोलकरणीने गुपचूप पाणी शिंपडून त्याला बाप्तिस्मा दिला होता, एवढेच कारण. पोर दगावेल या भीतीने तिने ते केले म्हणे; म्हणजे मायेपोटीच! देशोदेशी निषेध झाला, पण पोप नववे पायस बधले नाहीत.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे सहिष्णुतेवरील पत्र त्याआधीच, १६८९ साली, प्रसिद्ध झाले होते. सरकारने प्रजेचे जीवित आणि वित्त सांभाळावे, आत्म्याची काळजी हे त्याचे काम नव्हे. कारण बळाने श्रद्धा उपजत नाही, असे लॉकने त्यात मांडले. नास्तिकांना मात्र त्यानेही वगळलेच. अक्वायनसने राज्यकर्त्याला आवर घालायला सांगितले. लॉकने या कामातून शिपायालाच काढून टाकले. बोलोन्यात तोच शिपाई दाराशी आला.

१८७० साली रोममधील पोपची सत्ता गेली. एकोणीस वर्षांचा एदगार्दो आता घरी परतू शकत होता, पण तो परतला नाही. पुढे धर्मगुरू झाला. मग अन्याय कोठे झाला, असे कोणी विचारतात. समज येण्याआधीची वर्षे ज्यांनी हिरावली, त्यांनीच पुढे मुलाची संमती पुढे करावी, हे मला तरी पटत नाही.